भिंतीआडचें दुखणें

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागें एक पुठ्ठा टांगलेला आहे. घरचे डॉक्टर, दूधवाला, गॅसवाला, नळ दुरुस्त करणारा, विजेची कचेरी, गुरुजी अशा दहा-बारा जणांचे टेलिफोनचे आंकडे वहिनींनीं त्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहेत. घरांत लहानथोर मिळून आम्ही अकरा माणसें. कोणास केव्हां काय होईल याचा नेम नाहीं, आणि ऐन वेळीं खिशांतील यंत्रांत शोधाशोध करण्यापेक्षां डोळ्यांपुढचा आंकडा बरा, असें वहिनींचें म्हणणें. या पुठ्ठ्यानें आजवर आमचीं पुष्कळ कामें केलीं. परंतु ज्या रात्रीं त्याची खरी गरज लागली, त्या रात्रीं उपयोगीं पडेल असा एकहि आंकडा त्यावर नव्हता. त्या रात्रीची हकीकत आज वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्याची ती हकीकत आहे, त्याची अनुमति आम्हीं घेतली आहे. "लिहा, मात्र माझें नांव नको," एवढीच त्याची अट आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा मिरजेहून शिक्षणासाठीं आमच्याकडे येऊन राहिला होता. एका मोठ्या परीक्षेंत तो दोनदां अनुत्तीर्ण झाला आणि तिसऱ्या खेपेची तयारी करीत होता. हळूहळू त्याचें पंगतीस येणें थांबलें. रात्रीं झोप नाहीं, लागली तर पहाटे तीनलाच जाग; अंघोळीचा कंटाळा, बोलण्याचा कंटाळा. पुढें एके दिवशीं त्यानें आपला तबल्याचा जोड, ज्याला तो दुसऱ्या कोणाचा हात लागूं देत नसे, चुलतभावाला देऊन टाकला. आम्हीं सर्वांनीं त्याच्या उदारपणाचें कौतुक केलें! आवडती वस्तु अशी अकारण देऊन टाकणें हें कधीं कधीं निरोप घेण्याचें चिन्ह असतें, हें आमच्यापैकीं एकाच्याहि ध्यानांत आलें नाहीं.

उपाय मात्र सर्वांनीं केले. आजींनीं मीठमोहऱ्या ओंवाळून टाकल्या आणि शनिवारीं मारुतीला तेल घालण्याचा नेम धरला. त्याच्या वडिलांनीं फोनवरून आपल्या विद्यार्थिदशेंतील हालअपेष्टा ऐकविल्या. आम्हीं स्वतः त्यास पहाटे टेकडीवर जाण्याचा, मन खंबीर ठेवण्याचा आणि आपल्याहून दुःखी लोकांकडे पाहण्याचा उपदेश केला. तीं वाक्यें आज आठवलीं कीं आमची मान खालीं जाते. कारण त्या मुलानें त्यांचा अर्थ एवढाच घेतला कीं, आपण दुःखी आहों हाहि आपलाच एक अपराध आहे.

एका रात्रीं एकच्या सुमारास वहिनी पाणी पिण्यास उठल्या, तों तो सज्जांत अंधारांत बसलेला त्यांना दिसला. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या. थोड्या वेळानें त्यांनीं सरळच विचारलें, "बाळ, जीव नकोसा झाला आहे का रे? जीव द्यावा असं मनांत येतं का?"

"हो, काकू," एवढेंच तो म्हणाला आणि रडूं लागला.

वहिनींनीं त्यास गप्प केलें नाहीं, देवाची शपथ घातली नाहीं, 'आईबापांचा तरी विचार कर' असेंहि म्हटलें नाहीं. त्या त्याचा हात धरून बसून राहिल्या, आणि त्याचें रडें ओसरल्यावर त्यांनीं हांक मारून आम्हांस उठविलें.

असा प्रश्न विचारणें म्हणजे नसता विचार मनांत भरविणें, अशी समजूत सार्वत्रिक आहे. आमचीहि होती. परंतु या विषयाच्या अभ्यासकांनीं पुष्कळ पाहणी करून ती खोटी ठरविली आहे. विचारल्यानें विचार उत्पन्न होत नाहीं. जो विचार माणूस एकट्यानें वाहत असतो, तो खालीं ठेवण्यास त्याला जागा मिळते. वहिनींनीं कोणतेंहि शास्त्र वाचलेलें नव्हतें. त्यांनीं केवळ विचारण्याचें धैर्य केलें.

मग आम्ही त्या पुठ्ठ्यासमोर जाऊन उभे राहिलों. डॉक्टरांचा फोन बंद होता. त्यांच्याखालीं दूधवाला होता, गॅसवाला होता, गुरुजी होते. पण मध्यरात्रीं ज्याचें मन बुडत आहे त्याच्यासाठीं कोणास हांक मारावी, हें आम्हां वडील मंडळींत, पांचहि जण पदवीधर असतां, एकासहि ठाऊक नव्हतें! शेवटीं आमची धाकटी पुतणी उठून आली. तिच्या महाविद्यालयाच्या भिंतीवर लावलेला एक आंकडा तिच्या लक्षांत राहिला होता: १४४१६. तो लावला, आणि पलीकडून मराठींत उत्तर आलें.

ही 'टेली-मानस' नांवाची सेवा भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्यदिनीं, सुरू केली. १४४१६ अथवा १८००-८९१-४४१६ या आंकड्यांवर ती दिवसरात्र चालते. बोलण्याचें मूल्य पडत नाहीं. मराठीसह वीस भाषांत बोलतां येतें. प्रथम शिकवून तयार केलेला समुपदेशक बोलतो, आणि गरज असल्यास तो मानसोपचारतज्ज्ञाशीं गांठ घालून देतो. त्या रात्रीं पलीकडच्या बाईंनीं मुलाशीं बराच वेळ संभाषण केलें. नंतर त्यांनीं वहिनींना तीन गोष्टी सांगितल्या: आज रात्रीं त्यास एकटा सोडूं नका, घरांतील सर्वांचीं औषधें, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसुद्धां, कुलपांत ठेवून किल्ली स्वतःजवळ बाळगा, आणि सकाळीं त्यास रुग्णालयांत घेऊन जा. जिवाला तत्काळ धोका दिसत असेल, कोणीं कांहीं करून घेतलें असेल, तर मात्र आधीं ११२ किंवा महाराष्ट्रांत १०८ या आंकड्यावर फोन करून मदत बोलवावी, हेंहि त्यांनींच सांगितलें. त्या रात्रीं आम्ही पाळीपाळीनें त्याच्या उशाशीं बसलों.

सकाळीं दुसरा प्रश्न उभा राहिला: जावें कोठें? खाजगी तज्ज्ञांच्या एकेका भेटीचें मूल्य ऐकून बंधू फोनवर गप्प झाले. ही एका दिवसाची भेट नव्हे, महिन्यामहिन्यांचें काम, हें त्यांनीं ओळखलें. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, असें वहिनींना रात्रींच कळलें होतें. पण "तेथें कोणी ओळखीचें भेटलें म्हणजे?" असा आक्षेप निघाला, आणि तो दुसऱ्या कोणाचा नव्हे, आमचाच होता. वहिनींनीं त्याचें उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं पिशवींत पाण्याची बाटली आणि दोन पोळ्या घातल्या, आणि त्या मुलाला घेऊन निघाल्या. आम्ही मुकाट्यानें मागून गेलों.

केसपेपर काढून आम्ही रांगेंत बसलों. शेजारीं एक शेतकरी होता, एक बँकेंतील कारकून होता, तान्हें मूल मांडीवर घेतलेली एक तरुण सून होती. सर्दीपडशाच्या रांगेंत दिसतात तशींच सारीं माणसें! डॉक्टरीणबाईंनीं त्याची अर्धा तास चौकशी केली आणि सांगितलें, हा नैराश्याचा आजार आहे, आणि तो बरा होणारा आहे. औषधाचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतील. बरें वाटूं लागलें म्हणून मनानेंच गोळ्या बंद करावयाच्या नाहींत, त्या पुढें कित्येक महिने चालू राहतील. आणि दर आठवड्यास समुपदेशकाकडे येऊन बोलावयाचें. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार विनामूल्य केलेले असल्यामुळें आम्हांस खर्च आला तो रिक्षाचा.

मनाच्या दुखण्याचें नांव काढलें कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें उंच भिंती आणि गजांचीं दारें उभीं राहतात. वस्तुतः कलकत्त्यास डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९३३ सालीं आणि मुंबईंत जे. जे. रुग्णालयांत डॉ. मसानी यांनीं १९३८ सालीं सर्वसाधारण रुग्णालयांतच मनोरुग्णांसाठीं बाह्यरुग्ण विभाग उघडले. म्हणजे सकाळीं जाऊन दुपारीं घरीं परत यावें, ही सोय आपल्या देशांत नवी नाहीं. आपल्या समजुती तेवढ्या जुन्या आहेत. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून काम करणारी त्याची शाखा १९९६ सालीं सुरू झाली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतहि मानसोपचाराचा विभाग असतो. पुणें, ठाणें, नागपूर व रत्नागिरी येथें प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. गोव्यांत बांबोळीस त्याच कामाची सरकारी संस्था आहे. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत महाराष्ट्रांत १० टक्के खाटा निर्धनांस विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांस सवलतीनें देण्याचें बंधन आहे. हें सारें असूनहि, बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसून आलें कीं, निरनिराळ्या मनोविकारांनीं पीडित असलेल्यांपैकीं ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत लोकांस योग्य उपचार मिळत नाहींत. डॉक्टर थोडे आहेत हें त्याचें एक कारण खरें. पण आमच्या घरचें कारण डॉक्टरांची कमतरता हें नव्हतें. आम्ही गेलोंच नव्हतों.

कायद्याविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा आहे या भीतीनें कित्येक घरीं रोग्यास रुग्णालयांत नेण्यास विलंब होतो. २९ मे २०१८ पासून अमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानें असें ठरविलें आहे कीं, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावें आणि त्यास शिक्षा करूं नये. उलट त्याची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ रोजीं लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तर जुनें ३०९ वें कलमच राहिलेलें नाहीं. लोकसेवकावर दडपण आणण्याच्या हेतूनें केलेल्या प्रयत्नापुरतेंच निराळें कलम आहे. मानसिक आरोग्याच्या त्याच कायद्यानें रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा त्याचा हक्क मान्य केला आहे, आणि शरीराच्या रोगास जसा विमा मिळतो तसाच मनाच्या रोगासहि मिळाला पाहिजे, असें विमा कंपन्यांस बजाविलें आहे. ज्यांच्या घरीं आरोग्यविम्याची पॉलिसी आहे त्यांनीं ती काढून एकदां या दृष्टीनें वाचावी.

"पण मन घट्ट करणें हाच खरा उपाय नव्हे काय?" असें आमचे कांहीं वाचक म्हणतील. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों: ज्या गीतेचा पाठ आपल्या घराघरांतून होतो, तिच्या पहिल्या अध्यायाचें नांव काय? अर्जुनविषादयोग. हातांतून धनुष्य गळालेल्या त्या वीरास भगवंतांनींहि आरंभीं दोन श्लोकांत कानउघाडणी करून पाहिली. तेवढ्यानें भागलें असतें, तर पुढें अठराव्या अध्यायापर्यंत बोलत बसण्याचें कारण नव्हतें! रथ दोन्ही सैन्यांच्या मध्यें उभा असतांहि त्यांनीं अर्जुनाचें म्हणणें ऐकून घेतलें, त्याच्या शंकांस उत्तरें दिलीं, आणि तो उठेपर्यंत त्याची संगत सोडली नाहीं. आपण मात्र कानउघाडणीचे ते दोन श्लोकच तेवढे उचलतों.

ऐकून घेण्याचें काम तज्ज्ञच करूं शकतात असेंहि नाहीं. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेनें तेथील १२ सरकारी आणि १२ खाजगी दवाखान्यांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांस समुपदेशनाचें शिक्षण देऊन त्यांनीं नैराश्य आणि चिंता यांनीं पीडित रुग्णांशीं बोलावें, आणि जरूर तेव्हांच त्यांस पुढें तज्ज्ञाकडे पाठवावें, अशी त्याची योजना होती. त्याचे निष्कर्ष २०१० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ झालेला दिसून आला. घरांतील माणसानें डॉक्टर व्हावें असा याचा अर्थ नव्हे. पण प्रश्न विचारणें, उपदेश न करतां ऐकणें, एकटें न सोडणें आणि हात धरून दवाखान्यापर्यंत नेणें, या चार गोष्टी शिकतां येण्याजोग्या आहेत, एवढें त्यावरून निश्चित ठरतें. एकत्र कुटुंबाचा हाच तर मोठा आधार! ज्या घरांत अकरा माणसें आहेत, तेथें पाळीपाळीनें जागण्यास माणूस मिळतें.

आमचा पुतण्या सावकाश बरा झाला. मध्यें एकदां त्यानें गोळ्या बंद करून पाहिल्या आणि पुन्हा आजारी पडला. पुन्हा सुरू केल्या. ती परीक्षा त्यानें अखेर सोडून दिली, आणि त्याच्या वडिलांनींहि ती मनांतून सोडली, जें अधिक कठीण होतें. एका संध्याकाळीं त्यानें चुलतभावापाशीं आपला तबल्याचा जोड परत मागितला. वहिनींनीं कांहीं न बोलतां त्या रात्रीं शिरा केला.

हकीकत येथें संपली असती तर ती लिहिण्याचें आम्हांस कारण नव्हतें. ज्यासाठीं आम्हीं लेखणी हातांत घेतली ती गोष्ट पुढेंच आहे. या सर्व महिन्यांत आम्हीं आळींत काय सांगितलें होतें? 'त्यास कावीळ झाली आहे.' घरांत त्याच्या बहिणीच्या लग्नाची बोलणीं चाललीं होतीं; लोक काय म्हणतील या धास्तीनें ती कावीळ आम्हींच शोधून काढली, आणि घरांतील लहान मुलांसहि तसेंच बोलण्यास शिकविलें. आमच्या घराला लागूनच एका सेवानिवृत्त मास्तरांचें घर आहे. मधली भिंत दोघांची एकच. त्यांची सून बाळंतपणानंतर फार उदास राहूं लागली होती. मुलाला जवळ घेत नसे. मी गेलें तर सर्व सुटतील, असें पुटपुटत असे. त्या मंडळींनीं वर्षभर अंगारेधुपारे केले, मग परगांवीं एका महागड्या चिकित्सालयांत खेपा घातल्या आणि त्यांत मास्तरांच्या पत्नीच्या, माईंच्या, पाटल्या गेल्या. एके दिवशीं माई वहिनींजवळ बसून रडल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे असलं कधीं कांहीं झालं नाहीं, म्हणून तुम्हांला सांगायचा इतके दिवस संकोच वाटला."

ज्या वर्षीं त्या पाटल्या गेल्या, त्याच वर्षीं भिंतीच्या अलीकडे आमच्याजवळ रुग्णालयाचा पत्ता होता, बाह्यरुग्ण विभागाचा वार ठाऊक होता, फोनचा आंकडा होता. आम्हीं तो काविळीच्या आड झांकून ठेवला होता. आपल्या दुखण्याची लाज आपण बाळगतों तेव्हां केवळ आपल्या रोग्याचें नुकसान होत नाहीं, शेजाऱ्याची वाटहि आपण अडवितों, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें. वहिनींनीं त्याच क्षणीं माईंना सारें खरें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्या दोघी आणि ती सून मिळून जिल्हा रुग्णालयांत गेल्या. बाळंतपणानंतर असें नैराश्य पुष्कळ स्त्रियांस येतें आणि तेंहि उपचारांनीं बरें होतें, असें तेथें कळलें. आतां तें मूल आमच्या ओटीवर खेळावयास येतें. मुलीच्या लग्नाचें म्हणाल, तर वहिनींनीं तिच्या सासरच्या मंडळींस भावाच्या आजाराची हकीकत आपण होऊन सांगितली. त्यांनीं ऐकून घेतलें, आणि जरा थांबून आपल्या घरचीहि एक सांगितली.

घराघरांतून रोग्याचें नांव जाहीर करावें असें आमचें म्हणणें नाहीं. तें सांगावें कीं न सांगावें, हा त्याचा हक्क आहे. पण 'या आजाराशीं आमचीहि गांठ पडली आहे, आणि आम्ही अमुक ठिकाणीं गेलों होतों,' एवढें, त्याची संमति घेऊन, गरजवंतास सांगण्यास कोणतीहि प्रतिष्ठा आड येऊं नये.

वहिनींनीं त्या पुठ्ठ्यावर घरच्या डॉक्टरांच्या खालींच, दूधवाल्याच्या वर, १४४१६ हा आंकडा लिहिला आहे. त्याच्यापुढें ११२ आणि १०८ हे आंकडे, आणि कंसांत जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचे वार व वेळ. माईंनीं तो तसाच उतरवून नेला. हा अंक वाचून झाला कीं आपल्याहि घरीं कोणीं तरी उठावें आणि एवढें लिहून टांगावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे. ज्या दिवशीं लागेल, त्या दिवशीं शोधण्यास उसंत नसते.